हिब्रूच्या मास्तराचा पगार

१८१९ साली दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्याची कचेरी बाणकोटला होती. रत्नागिरीचा नंबर तीन वर्षांनी, १८२२ साली लागला. आज मंडणगड तालुक्यातलं हे खाडीकाठचं गाव एकेकाळी जिल्ह्याचं ठाणं होतं, हे रत्नागिरीकरांना सांगितलं तर निम्मे लोक हसतील. पण बाणकोटचा किल्ला १७५६ च्या तहापासूनच कंपनीच्या ताब्यात होता. मुंबईबाहेर, कोकणच्या मुख्य भूमीवर इंग्रजांनी रोवलेलं हे अगदी सुरुवातीचं पाऊल. आपण त्याला हिंमतगड म्हणतो, त्यांनी व्हिक्टोरिया केलं. समोर सावित्रीचं मुख, पलीकडे हरिहरेश्वर, श्रीवर्धन, म्हसळा. तो सगळा जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख.

त्या पलीकडच्या मुलखात आणि तिथून वर थेट अलिबाग-पेण-पनवेलपर्यंत गावोगाव तेल गाळणारी काही घरं होती. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवत. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपण झालो, असं ते सांगत आणि आजही सांगतात. मराठी बोलायचं, लुगडं नेसायचं, आडनाव गावावरून लावायचं: किहीमचे किहीमकर, दिवीचे दिवेकर, तळ्याचे तळकर. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. खवले नसलेला मासा घरात येत नसे. सणांना मात्र कोकणी नावं पडली होती. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा दुखवटा ज्या दिवशी पाळायचा तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं करायचं. मंदिर कुणाचं, ते पाडलं कुणी, हे विचाराल तर गावात सांगणारं कुणी नव्हतं. हिब्रू अक्षर वाचता येणारा माणूस नव्हता, पोथी नव्हती. उरली होती ती ‘शेमा इस्रायल’ ही एक प्रार्थना. तिच्यावर लग्न, सुंता, मर्तिक सगळं भागे.

ज्या समाजाचा धर्म ग्रंथावर उभा आहे त्याच्याकडे ग्रंथही नाही आणि तो शिकवणाराही नाही, ही अडचण साधी नव्हती. ती सोडवायला बाहेरून पैसा आला, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो भलत्याच हेतूने आला. त्या पैशातून मास्तर कसे तयार झाले, त्याची ही हकीकत.

शिक्षक तयार करण्याची या समाजातली पहिली गोष्ट दंतकथेची आहे. दावीद रहाबी नावाचा एक परका ज्यू कोकणात आला. हे लोक आपलेच आहेत का, याची त्याला शंका होती. त्याने घरातल्या बायकांपुढे माशांची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांचे आणि पंखांचे मासे वेगळे काढले, बाकीचे टाकून दिले. त्याची खात्री पटली. मग त्याने तीन तरुण निवडले, झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतले. त्यांना त्याने हिब्रू आणि विधी शिकवले, ते काजी झाले. पुढे त्यांचे वंशज गावोगाव फिरून लग्नं लावत, सुंता करत, तंटे सोडवत. हा रहाबी कधीचा, यावर मतं दोन टोकांची आहेत. समाजाची परंपरा त्याला कित्येक शतकं मागे नेते. काही अभ्यासक त्याचा संबंध कोचीनच्या रहाबी घराण्यातल्या अठराव्या शतकातल्या दावीदशी लावतात. मला दुसरं म्हणणं अधिक पटतं, कारण त्या शतकात कोचीनचे व्यापारी या किनाऱ्यावर सतत ये-जा करत होते. पण काळ कुठलाही धरला तरी तिघांना शिकवण्याचा खर्च कुणी केला, हे दंतकथा सांगत नाही. दंतकथांना हिशेब ठेवायची सवय नसते.

हिशेब सुरू होतो तो स्कॉटलंडच्या वर्गणीपासून.

स्कॉटिश मिशनरी सोसायटी ही १७९६ साली एडिनबरोत निघालेली संस्था. तिची माणसं १८२३ साली मुंबई इलाख्यात आली. मुंबई शहरात अमेरिकन मिशनरी १८१३ पासून ठाण मांडून होते, तेव्हा स्कॉटिशांनी दक्षिण कोकण धरलं. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची ठाणी झाली. पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल वर्षभरातच वारला. त्याच्या मागून जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हनसन आणि थोड्या वर्षांनी रॉबर्ट नेस्बिट हे आले. कोकणच्या हवेने यांतल्या काहींना चांगलंच छळलं. आल्या आल्या त्यांनी शाळा काढल्या. स्कॉटलंडच्या गावागावांतल्या चर्चमध्ये भाविकांनी पेटीत टाकलेले शिलिंग सावित्रीच्या काठी पंतोजींचा पगार होऊन पोचू लागले.

या शाळांचा घाट गावच्या शाळेसारखाच होता. पंतोजी इथलाच. बाराखडी, मोडी, उजळणी, पावकी-निमकी हे सगळं नेहमीचं. फरक इतकाच की वाचायला छापील पुस्तक असे आणि ते बहुधा बायबलातल्या गोष्टींचं असे. मिशनरी अधूनमधून येऊन मुलांची परीक्षा घेई. बेने इस्रायलांच्या दृष्टीने यात एक गंमत होती. मोशेची गोष्ट, योसेफाची गोष्ट, अब्राहामाची गोष्ट. आजीच्या तोंडून तुटक तुटक ऐकलेली ही नावं आता छापील मराठीत समोर येत होती. पाद्र्याला जे येशूकडे जाण्याचं दार वाटत होतं, ते या मुलांना आपल्याच घराचं दार वाटलं. अमेरिकन मिशनच्या मुंबई आणि उत्तर कोकणातल्या शाळांमध्ये तर बेने इस्रायल तरुण मास्तर म्हणून नोकरीलाच लागले. महिन्याचा पगार आणि हातात मराठी बायबल. घाण्याच्या मागे फिरणाऱ्याला हे काही वाईट नव्हतं.

१८२९ च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन आणि त्याची बायको मार्गारेट मुंबईला उतरले आणि मराठी शिकायला हर्णैला गेले. पुढे ज्याच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीवर उभं राहिलं आणि जो मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला, तोच हा डॉक्टर विल्सन. त्याच्या मराठीचा पाया सुवर्णदुर्गासमोरच्या कोळ्यांच्या बंदरावर घातला गेला, याची दापोलीकरांनी खरं तर पाटी लावायला हवी. वर्षाअखेर तो मुंबईला परतला. थोड्याच काळात बाणकोट-हर्णैची ठाणी उठली आणि स्कॉटिश मंडळी मुंबई-पुण्याला गेली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा हा अध्याय सात-आठ वर्षांत संपला. पण तिथे शिकलेलं मराठी घेऊन विल्सनने १८३२ साली जे छापलं, त्याला तोड नाही: हिब्रू भाषेचं व्याकरण, मराठीतून.

क्षणभर या पुस्तकापाशी थांबायला हवं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण यायला अजून चार वर्षं होती. म्हणजे मराठी माणसाने लिहिलेलं मराठीचं पहिलं नावाजलेलं व्याकरण बाजारात येण्याआधी मराठीतून हिब्रूचं व्याकरण शिकता येत होतं. ते लिहिणारा स्कॉटलंडच्या लॉडर गावातला पाद्री, आणि वाचणारे अष्टमी-रेवदंडा-पेणहून मुंबईला आलेले तेल्यांचे मुलगे. खर्च भाविकांच्या वर्गणीतला. हेतू उघड होता. हिब्रू शिकलेला बेने इस्रायल जुना करार मुळातून वाचील, त्यातली मसीहाची भाकितं पाहील आणि ख्रिस्ताकडे वळेल. विल्सनने हे कधी लपवलं नाही. बेने इस्रायलांच्या शिक्षणासाठी त्याने मदतीचं जाहीर आवाहन केलं, त्यातही तो स्पष्टपणे ख्रिस्ती शिक्षण असाच शब्द वापरतो.

झालं ते उलटंच. बेने इस्रायल पोरांनी व्याकरण घोटलं, जुना करार मुळातून वाचला आणि ते अधिक पक्के ज्यू झाले. धर्मांतर केलेले इतके थोडे की मिशनरी इतिहासकारही त्यावर फार शाई खर्च करत नाहीत. विल्सनच्या शाळेत १८३९ साली दोन पारशी मुलांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मुंबई हादरली, शाळा ओस पडली. ब्राह्मण घरांतही असलीच धास्ती होती, चार वर्षांनी श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाच्या प्रकरणात ती उफाळून आली. बेने इस्रायलांनी असा गहजब केल्याचं दिसत नाही. त्यांचा हिशेब बहुधा सरळ होता. शिकवायला कुणीतरी तयार आहे आणि तो फी घेत नाही. आणखी काय हवं?

याच सुमाराला कोचीनहूनही मदत आली. १८२६ च्या आसपास काही कोचिनी ज्यू बेने इस्रायलांना शिकवायला मुंबईत आणि कोकणात आले. त्यांतला मायकेल सार्गन हा स्वतः ख्रिस्ती झालेला आणि मिशनच्या पैशावर पोसलेला. म्हणजे प्रार्थना शिकवायला आलेला शिक्षकच त्या धर्मातून बाहेर पडलेला होता. तरी लोक त्याच्याकडून शिकले. १८३० च्या दशकात शेलोमो सालेम शुराबी आला. तो धंद्याने पुस्तकबांधणी करणारा, पण गळा गोड आणि पाठांतर चोख. त्याला कुठल्याही संस्थेचं पाठबळ नव्हतं. समाजानेच त्याला सांभाळलं आणि १८५६ साली तो वारला तोवर मुंबईच्या बेने इस्रायलांना उपासना कशी करायची ते त्याने शिकवलं. मिशनच्या मास्तरांनी अक्षर दिलं, शुराबीने चाल दिली. माझ्या मते या समाजाच्या खऱ्या मास्तरांत तो पहिला.

छापखान्याने पुढचं काम केलं. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ‘हगादा’ हिब्रू आणि मराठी अशा दोन भाषांत शिळाछापावर निघाला. १८७४ साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून मोशे जेकब तळकर आणि अहरोन डॅनियल तळकर यांनी दुसरा काढला. त्यातली चित्रं पाहण्यासारखी आहेत. बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. कुणी पीठ मळते आहे, कुणी लाटते आहे, कुणी भाजते आहे. मिसर देशातून सुटका झाल्याची गोष्ट पुण्याच्या स्वयंपाकघरात घडते आहे असं वाटावं. आणि ज्याच्या छापखान्यात हे निघालं त्याचं आडनाव अग्निहोत्री. एकोणिसाव्या शतकातलं पुणं एवढंही सोवळं नव्हतं.

आता पैशाचा दुसरा झरा. १८३२ साली बगदादहून बुशायरमार्गे दाऊद ससून मुंबईला आला आणि कापूस-अफूच्या व्यापारात त्याने अफाट कमावलं. मुंबई-पुण्यात त्याच्या नावाच्या इमारती पावलोपावली आहेत. त्याने ज्यू मुलांसाठी शाळा काढली, डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन. तिचा हेतू धर्मांतराचा नव्हता, व्यापाराचा होता. बगदादहून येणाऱ्या पोरांना हिब्रू, हिब्रू लिपीतली अरबी, इंग्रजी आणि हिशेब शिकवायचे आणि मग ससूनांच्या पेढ्यांवर, शांघायपासून रंगूनपर्यंत, कारकून म्हणून पाठवायचं. बगदाद्यांना बेने इस्रायल आपल्या पंक्तीचे वाटत नव्हते. १८३६ साली मुंबईतल्या बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला होता की दफनभूमीत त्यांच्या आणि आमच्या कबरींमध्ये भिंत घालून द्या.

आणि या शाळेत हेडमास्तर कोण? जोसेफ इझिकेल राजपूरकर, बेने इस्रायल. राजपूरकर हे आडनाव रहाबीच्या गोष्टीत येऊन गेलंच आहे. जन्म १८३४ चा. शिक्षण विल्सनच्या संस्थेत. १८५६ साली ते ससूनच्या शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून लागले, १८६१ साली मुख्याध्यापक झाले आणि चाळीस वर्षं त्या खुर्चीवर होते. भिंत मागणाऱ्यांच्या मुलांना हिब्रू शिकवलं ते भिंतीपलीकडच्या माणसाने. आणि ते हिब्रू त्याला मिळालं होतं स्कॉटिश पाद्र्याकडून. पुढे मुंबई विद्यापीठात हिब्रू हा विषय आला तेव्हा राजपूरकर त्याचे परीक्षक झाले. शाळेचा पगार ससूनचा, पण त्या पगाराच्या आधारावर त्यांनी घरी बसून जे केलं ते आपल्या समाजासाठी. वीसेक पुस्तकं त्यांनी मराठीत आणली, बहुतेक प्रार्थनेची. म्हसळ्याच्या किंवा मुरूडच्या घरात शब्बाथच्या संध्याकाळी एका बाजूला हिब्रू आणि एका बाजूला मराठी असं पुस्तक उघडलं जाऊ लागलं, त्यामागे या हेडमास्तरांची खर्डेघाशी होती. ससूनांनी हे पैसे यासाठी दिले नव्हते, पण अडवलंही नाही. दानशूरांबद्दल इतकं तरी चांगलं बोलावं.

आपली स्वतःची शाळा हवी, ही धडपड मात्र हाइम सॅम्युएल किहीमकरांची. ते मूळचे अलिबागचे, जन्म १८३०. नोकरी सरकारी, पण डोक्यात समाज. १८५३ साली भावांना आणि स्नेह्यांना हाताशी धरून त्यांनी शिक्षणासाठी एक हितकारक मंडळी काढली, म्हणजे वर्गणीचा डबा फिरवायला सुरुवात केली. शाळा निघायला मात्र १८७५ साल उजाडलं. बावीस वर्षं! ज्या समाजात पलटणीतले सुभेदार, सुतार, गवंडी आणि कारकून हेच काय ते कमावते, तिथे एवढा वेळ लागणारच. शाळेचं नाव इस्रायलाइट स्कूल.

खरी मेख पगारात होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागलं होतं, पण ते ऐहिक विषयांपुरतं. मराठी, अंकगणित, इंग्रजी यांत मुलं पास करा आणि पैसे घ्या. धर्मशिक्षणाला दमडी मिळणार नव्हती, आणि तेही बरोबरच होतं. पण मग हिब्रूच्या मास्तराचं काय? गणिताचा मास्तर अनुदान आणतो, हिब्रूचा मास्तर फक्त खातो. शाळेच्या वहीखात्यात हा माणूस कायम खर्चाच्या बाजूला. गावचा काजी लग्ना-सुंतेच्या दक्षिणेवर जगे, शहरात शाळामास्तराला ते जमत नव्हतं.

इथे लंडनची अँग्लो-ज्यूइश असोसिएशन कामी आली. ही संस्था १८७१ साली निघाली. पूर्वेकडच्या गरीब ज्यूंना शिक्षण द्यायचं, हा तिचा हेतू. किहीमकरांनी पत्रांचा सपाटा लावला आणि संस्थेने शाळेला वार्षिक मदत सुरू केली. तिच्या जोरावर १८८१ साली शाळा इंग्रजी-मराठी झाली, १८९२ साली हायस्कूलपर्यंत गेली. ही मदत देणाऱ्यांचाही एक हेतू होता. इंग्रज ज्यूंना आपल्या पूर्वेकडच्या भाईबंदांना ‘सुधारायचं’ होतं. म्हणजे टाय लावायला शिकवायचं. पण पाद्र्याच्या वर्गणीपेक्षा आणि ससूनच्या पेढीपेक्षा हा पैसा बेने इस्रायलांच्या मनातल्या कामाला अधिक जवळचा होता. आपल्या शाळेत, आपल्या मास्तराने, आपल्या मुलांना हिब्रू शिकवायचं आणि तेही मराठीतून, हे आता साधलं.

याच काळात गावोगावच्या लोकांसाठी आणखी एक शाळा उभी राहिली, तिला ना इमारत ना हजेरीपट. १८८० पासून बेने इस्रायलांनी कीर्तन सुरू केलं. बेंजामिन सॅमसन अष्टमकर हे त्यातलं मोठं नाव. ओव्या, साक्या, दिंड्या सगळं आपलं नेहमीचं, आख्यान योसेफाचं किंवा मोशेचं. कोकणी माणसाला कळेल अशा पद्धतीने हजारो वर्षांची गोष्ट सांगायची तर कीर्तनाइतका चांगला वर्ग कुठला? लंडनच्या संस्थेच्या अहवालात याला जागा मिळाली असती की नाही, देव जाणे.

किहीमकरांनी १८९७ च्या सुमारास समाजाचा इतिहासही लिहून काढला. तो छापायला मात्र कुठलाच निधी धावून आला नाही. हस्तलिखित पडून राहिलं. शेवटी १९३७ साली इम्मॅन्युएल ओल्सवांगर यांच्या संपादनाखाली ते छापलं गेलं, आणि तेही कुठे, तर तेल अवीवला. शाळेसाठी पैसा उभा करणारा माणूस स्वतःच्या पुस्तकासाठी तो उभा करू शकला नाही, आणि गेला तो ते छापील पाहिल्याशिवाय.

विसाव्या शतकात हेडमास्तरांच्या खुर्चीवर बाई आली. रिबेका रूबेन, जन्म १८८९. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. १९०५ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिली. मुलींतली पहिली नव्हे, सगळ्यांतली. पुढे इंग्लंडला गेल्या, लंडनला शिक्षणशास्त्र शिकल्या आणि केंब्रिजला इस्रायल अब्राहम्स या नामांकित पंडिताकडे हिब्रू आणि ज्यू इतिहास. नव्वद वर्षांपूर्वी सार्गनसारख्या माणसाकडून अक्षर गिरवणाऱ्या समाजाची मुलगी आता केंब्रिजला, त्या विद्येच्या पीठावर बसून शिकत होती. १९१७ साली बेने इस्रायलांची पहिली परिषद भरली, तेव्हापासून तीन-चार वर्षं समाजाचं वार्षिक त्यांनी संपादित केलं. १९२२ साली इस्रायलाइट स्कूलच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९५० पर्यंत राहिल्या. ज्यू शिक्षकाची व्यावसायिक घडण म्हणून हल्ली जे बोललं जातं, म्हणजे पदवी, प्रशिक्षण, परदेशी अभ्यास, पाठ्यसामग्री तयार करणं, ते सगळं या एका बाईंच्या आयुष्यात सापडतं.

त्यांच्या काळातच शाळेला सर एली कदूरींची देणगी मिळाली आणि माझगावची ही शाळा कदूरी झाली. कदूरी बगदादचे. १८८० साली ससूनांच्या पेढीवर उमेदवार कारकून म्हणून ते मुंबईहून हाँगकाँगला गेले, पगार महिना ३७ रुपये. पुढे हाँगकाँग-शांघायमध्ये त्यांनी हॉटेलं आणि वीज कंपन्यांतून संपत्ती केली. म्हणजे ससूनांच्या पेढीवर पाठवलेला एक कारकून पन्नासेक वर्षांत धनाढ्य झाला, आणि त्याचा पैसा ज्यांना ससूनांच्या काळी भिंतीपलीकडे ठेवलं होतं त्यांच्या शाळेला लागला. कदूरींनी भिंतीचा विचार केला असेल असं वाटत नाही. पण रिबेकाबाईंनी नक्की केला असेल, त्या इतिहास शिकवत होत्या.

विल्सनच्या वर्गणीचं काय झालं, तेही सांगायला हवं. विल्सन कॉलेजात विसाव्या शतकात वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक होते, मोझेस इझिकेल, तळकरांपैकी. बेने इस्रायल. त्यांच्या पत्नी स्वतःची शाळा चालवत. त्यांचा मुलगा निसीम इझिकेल विल्सनमध्येच शिकला, पुढे इंग्रजीचा प्राध्यापक झाला आणि कवी म्हणून सगळ्या देशाला माहीत झाला. ज्या पाद्र्याने या समाजाला ख्रिस्ती करण्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, त्याच्या नावाच्या कॉलेजात या समाजातला माणूस मास्तर झाला. ख्रिस्ती मात्र तो झाला नाही.

१९४८ नंतर गणित पालटलं. इस्रायल झालं आणि बेने इस्रायल तिकडे निघाले. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेण्यात आली. लग्नाच्या प्रश्नावरून आंदोलन पेटलं आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ठरावाने तो वाद मिटवला. शंका घेणाऱ्या रब्बींना रहाबीची माशांची टोपली कुणी दाखवली नसावी. याच दशकात मुंबईत आंतरराष्ट्रीय ज्यू संस्था उतरल्या. सेंट पीटर्सबर्गला १८८० साली निघालेली ‘ओआरटी’ तांत्रिक शिक्षण घेऊन आली, अमेरिकन ‘जॉइंट’ मदतकार्य आणि धर्मशिक्षण घेऊन. आता हिब्रूचा मास्तर परदेशी प्रशिक्षण घेऊ शकत होता, पुस्तकं विमानाने येत होती, पगाराची चिंता शंभर वर्षांत पहिल्यांदा कमी झाली होती. कमी पडू लागली ती मुलं. शिकलेला मास्तर बरेचदा स्वतःही इस्रायलला जाई, तिथे कुठल्या तरी वसाहतीत नोकरी धरी आणि शनिवारी गाववाल्यांशी मराठीत बोले. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघतं ते या लोकांचंच.

आज भारतात बेने इस्रायल चार-पाच हजारांच्या आसपास असतील, बहुतेक मुंबई आणि ठाण्यात. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा त्यांच्या शिक्षणसंस्थांना सवलतीची कायदेशीर वाट मोकळी झाली. किहीमकरांना हे १८७५ साली मिळतं तर त्यांची निम्मी पत्रं वाचली असती. माझगावची कदूरी शाळा अजून भरते. पटावर ज्यू मुलं शोधावी लागतात. बाकावर बसलेली पोरं आजूबाजूच्या वस्तीतली, बरीचशी मुसलमान घरांतली, आणि कदूरींच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या शाळेत ती शिकताहेत.